शेऱ्याचा रकाना

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. साष्टांग घालायला हवा, पण माझे गुडघे एकदा खाली गेले की वर यायला कुरकुर करतात, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तू मोठ्याने बोलायला लागलीस की मला काही सुचत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

मार्चअखेर ठकी येते आहे, तीन आठवड्यांसाठी. पहिले दोन माझ्याकडे आणि शेवटचा तुझ्याकडे, हे तिनेच परस्पर ठरवलंय. परवा फोनवर सहज म्हणाली, "आई, मी लहानपणी कशी होते गं? हट्टी होते का?" "होतीस की थोडीफार," असं काहीतरी मी पुटपुटले. पोटच्या पोरीबद्दल अंदाजपंचे बोलायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून माझी लॉगबुकं खाली काढली. तेरा भरलीत. कुठून निघाले, कुठे उतरले, विमान कोणतं, हवेत किती वेळ, सगळं माझ्याच अक्षरात. वैमानिक कोण या रकान्यात आम्ही नाव लिहीत नाही, 'स्वतः' असं लिहितो. पान उलटलं की 'स्वतः, स्वतः, स्वतः', वरपासून खालपर्यंत. शेवटी एक शेऱ्याचा रकाना असतो. काही बिघाड झाला, हवा वाईट लागली, तर तिथे लिहायचं. माझा जवळजवळ सगळा कोरा आहे. माझ्या आयुष्यात कधी काही बिघडलंच नाही, असं त्या वह्यांचं म्हणणं आहे.

तर मला असं सुचलं, की मी उडत होते त्या दिवशी घरी काय झालं, ते त्या रकान्यात लिहून काढावं. ठकीचे बाबा गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती. त्यानंतर तिला तूच वाढवलंस, तेव्हा हे फक्त तुला ठाऊक. तू भिंतीवरची कॅलेंडरं कधी टाकत नाहीस हे मला माहीत आहे. सोबत काही तारखा पाठवते आहे. सवडीने बघून कळव. ठकीला दाखवायचंय.

तुझी,
धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

पत्र मिळालं. वाचून आधी कपाट आवरलं, मग पुन्हा वाचलं, तरी राग गेला नाही.

म्हणजे आता तुला ते दिवसही हवेत. आकाश तुझ्या वाट्याला आलं आणि पोरगी माझ्या. ही वाटणी मी केलेली नाही, माझ्या कानाने केली. फ्लाइंग क्लबात मी तुझ्या आधी गेले. एकटीने विमान मी तुझ्या आधी उडवलं, तेव्हा तू कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी होतीस. मग तपासणीत डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, पडद्याला भोक आहे म्हणाले, आणि खेळ खलास. माझंही एक लॉगबुक आहे. चार पानं भरली आहेत त्यात. तुझी तेरा भरलीत हे आवर्जून लिहिलंस, उपकार झाले.

मी तुझ्यावर जळते. तुला हे नवीन नाही, पण एकदा शाईने लिहिलेलं बरं. तुझ्या बुटांना पॉलिश करताना मी दर वेळी मनात म्हणायची, आज तरी हिचं विमान रद्द होवो. पडो असं कधी मनात आणलं नाही, तेवढी चाड होती. रद्द होवो, म्हणजे ही बसेल घरी आणि हिच्या जागी मी जाईन. कान फुटलेली बाई कुठे जाणार होते कोण जाणे.

कॅलेंडरं आहेत. ट्रंकेत सगळी नीट रचून ठेवली आहेत. त्यात दुधाचे खाडे आहेत, गॅस कधी लावला ते आहे आणि मधेमधे ठकी आहे. पण ते माझं आहे. तू येताना बाहुल्या आणायचीस, फ्रॉक आणायचीस, आणि दारातून आत आल्याबरोबर घर तुझं व्हायचं. हे तेवढं राहिलंय माझ्याकडे. ते फुकट नेऊ देणार नाही.

एका दिवसाला एक उड्डाण, हा भाव. आणि उड्डाण नीट सांगायचं, वहीतलं उतरवून काढायचं नाही. मी तिथे बसले होते असं मला वाटलं पाहिजे. पटत असेल तर बघ.

ताई


२४ जानेवारी

ताई,

भाव मान्य. हे घे पहिलं.

विमान मालवाहू, आत औषधांची खोकी. हवा स्वच्छ होती. गेलो, उतरलो, चहा प्यायलो, परत आलो. परतताना उजव्या हाताला थोडे ढग होते.

आता मला त्याच दिवसाचं पाठव. यादीतली पहिली तारीख.

धाकटी


१ फेब्रुवारी

धाकटे,

त्या दिवशी ठकीच्या डोक्यात उवा सापडल्या. फणीने काढल्या. दूध आलं नाही.

उजव्या हाताला थोडे ढग होते म्हणे. ढग माझ्या खिडकीतूनही दिसतात, त्यासाठी मला पोस्टाच्या तिकिटाचा खर्च नको. तू चिकटपणा केलास तर मीही उवांवरच भागवीन. माझ्याकडे उवांचे बरेच दिवस आहेत.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

बरं बाई, हरले.

ही तारीख पावसाळ्यानंतरची आहे. प्रवासी विमानावर मला डावी, कॅप्टनची खुर्ची मिळून काही महिने झाले होते. उतरताना आमचा रस्ता आपल्या गावावरूनच जायचा. विमान खाली यायला लागलं की कामाची घाई असते, पण मी प्रत्येक वेळी एक क्षण चोरायची. आधी पाण्याची टाकी दिसायची, मग शाळेचं लांब छप्पर, आणि तिथून तिसरी गच्ची आपली. माझ्या शेजारचा पोरगा नवा होता, त्याला वाटायचं मी काहीतरी फार महत्त्वाचं तपासते आहे. तो पण मान लांब करून खाली बघायचा.

त्या दिवशी दुपारचं ऊन तिरपं होतं आणि नदी अशी चकाकत होती, की डोळ्यांवर हात घ्यावा लागला. विमान इतकं शांत चाललं होतं की मागे कुणाच्या तरी कपातला चमचा वाजला तो ऐकू आला. हात नुसता ठेवायचा, बाकी ते आपलंआपण जातं. तुला आठवतं ना ते? क्लबातल्या त्या जुन्या विमानातही, पंख सरळ झाले की एक क्षण असा यायचा की आपण काहीच करायचं नसायचं. तसंच असतं, विमान कितीही मोठं असलं तरी. मग गच्ची आली. गच्चीवर दोन ठिपके होते, एक मोठा आणि एक छोटा. त्यांच्यामध्ये जराही जागा नव्हती.

ताई, जळण्यावर काय तुझीच मालकी आहे? मी दीडशे माणसं घेऊन खाली येत होते, आणि माझ्या मनात एकच होतं, की त्या मोठ्या ठिपक्याने जरा बाजूला व्हावं. मी घरी आले की ठकी खाऊचा पुडा हातात घ्यायच्या आधी तुझ्याकडे बघायची. घेऊ का, असं डोळ्यांनी तुला विचारायची. मी आणलेला पुडा. तू मान हलवलीस की मग घ्यायची. तुझ्या त्या मान हलवण्याचा मला इतका राग यायचा की मी बॅग उघडायच्या निमित्ताने आतल्या खोलीत जायची.

आता यादीतली ११ डिसेंबर सांग. ठकी तेव्हा सात वर्षांची असेल. खरं सांग आणि चांगलं सांग.

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उड्डाण मी चार वेळा वाचलं. चमच्याचा आवाज मलाही ऐकू आला, आणि मला हल्ली दारावरची घंटा ऐकू येत नाही. पंख सरळ होण्याचं आठवतं. ते काय कुणी विसरतं?

म्हणून तुला चांगलाच दिवस देते. देताना हात आखडतोय, हेही सांगते, कारण माझ्याकडे याच्याहून चांगला नाही.

११ डिसेंबरला ठकीच्या शाळेचा कार्यक्रम होता. राजाचं नाटक. ठकी द्वारपाल. पुठ्ठ्याचा भाला मीच करून दिला होता. तिला एकच वाक्य होतं, "महाराज, दाराशी कुणीतरी आलंय." आठवडाभर घरात तेच चाललं होतं. दूधवाला आला तरी महाराज, पोस्टमन आला तरी महाराज. आणि स्टेजवर गेली ती दगड. राजा वाट बघतोय, प्रधान वाट बघतोय, बाईंनी पडद्याआडून दोनदा सांगितलं, हिचं तोंड उघडेना. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी नुसते ओठ हलवले. महाराज, दाराशी. तिने समोर अंधारात बघितलं, डोळे असे शोधत शोधत आले आणि एकदम थांबले. मग हसली आणि इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली की राजाही दचकला.

ती माझ्याकडे बघत होती. तिला अडलं तेव्हा तिने अख्ख्या सभागृहातून मला शोधून काढलं. मला स्वतःचं मूल नाही, पण ते एक वाक्य माझं आहे. तू नव्हतीस. तुला उड्डाण होतं. तुझ्याच वहीत लिहिलंय.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

मी होते.

आधी वहीचं सांगते. वैमानिकाची वही घरच्या घड्याळाने चालत नाही. सगळ्या जगाच्या विमानांचं एकच घड्याळ असतं आणि ते आपल्या घड्याळाच्या कित्येक तास मागे असतं. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर निघालेलं विमान वहीत आदल्या तारखेला पडतं. तारखा उतरवताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सवयच अशी जडली आहे की त्या तारखा मला खऱ्या वाटतात. ते उड्डाण वहीत ११ डिसेंबरचं आहे, पण मी निघाले तेव्हा तुझ्या कॅलेंडरवर १२ उजाडली होती. ११ची संध्याकाळ मी जमिनीवरच होते.

जमणार नाही असं मी ठकीला सांगितलं होतं, कारण रात्रीच्या उड्डाणाआधी दिवसभर झोप काढावी लागते. मी विमानतळाजवळच्या खोलीवर झोपले होते. झोप आली नाही. गणवेश चढवला आणि न्यायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हटलं, शाळेवरून घे, मी लगेच येते. आत आले नाही, मागच्या दारात उभी राहिले. आत आले असते तर निघताना ठकीने पाय धरले असते, आणि ते मला परवडलं नसतं. तू दुसऱ्या रांगेत होतीस. माझी निळी शाल पांघरून बसली होतीस. मला न विचारता.

ती विसरली ते मी पाहिलं. तिचे डोळे शोधत आले तेही पाहिलं. तू म्हणतेस ते थांबले. हो, थांबले, पण दुसऱ्या रांगेत नाही. माझ्यावर थांबले. मागच्या दाराशी उजेड होता आणि त्या उजेडात मी उभी होते. महाराज, दाराशी कुणीतरी आलंय. तिला वाक्य का आठवलं, ते तूच सांग. मी हात वर केला आणि निघाले. गाडीत बसून रडले, पण चांगलं रडले. मला तारीख आठवत नव्हती, पण ती संध्याकाळ मी कधीच विसरले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो दिवस फक्त माझा आहे.

आणि तू त्यावर तुझं नाव घालून मला विकलास.

धाकटी


७ मार्च

धाकटे,

म्हणजे तुझ्या त्या जगाच्या घड्याळापायी मी आतापर्यंत दिलेले दिवसही इकडचे तिकडे झाले. उवा बहुधा दुसऱ्याच दिवशीच्या होत्या. ठेव तशाच.

शाल थंडी होती म्हणून घेतली. तू घरी नसायचीस, शाल असायची.

तुझं म्हणणं मला मान्य नाही. सात वर्षांचं पोर स्टेजवरच्या दिव्यात उभं आहे. त्याला मागच्या दारातलं माणूस दिसेल की समोर दुसऱ्या रांगेतलं? ती रोज सकाळी डोळे उघडले की माझं तोंड बघायची. अडल्यावर सवयीचं तोंडच शोधणार. तू गणवेश घालून उभी राहिलीस म्हणून काय सगळ्या जगाने तुझ्याकडेच बघायचं?

रात्री झोप नाही मला. साठ-सत्तरीच्या बाया आपण, आणि एका पोरीच्या नजरेवरून भांडतोय. पण मी सोडणार नाही. ठकीलाच विचार. ती आधी तुझ्याकडे येते आहे, तेव्हा पहिला डाव तुझा. मध्ये काही सुचवायचं नाही, साखर पेरायची नाही. काय म्हणेल ते जसंच्या तसं मला लिहायचं. ती जिचं नाव घेईल तिचा तो दिवस. मग दुसरीने पुन्हा विषय काढायचा नाही.

ताई


११ एप्रिल

ताई,

ठकी उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघते आहे. मी हे पत्र मुद्दाम आजच पोस्टात टाकते आहे, कारण उद्यापर्यंत थांबले तर कदाचित टाकणार नाही.

दोन आठवडे मी विचारलंच नाही. धीर होत नव्हता. तिला लॉगबुकं दाखवली, तिने चाळली, "बापरे, किती गं उडालीस," म्हणाली आणि बाजूला ठेवली. काल संध्याकाळी दोघी बाल्कनीत कपडे काढत होतो. मी म्हटलं, ठके, नाटकात वाक्य विसरली होतीस, तेव्हा तू कुणाकडे बघितलंस?

हातातली चादर घडी करता करता तिने सांगितलं, "मावशीकडे."

जराही थांबली नाही. मी म्हटलं, मी मागच्या दारात उभी होते. ती म्हणाली, "हो का? मावशी समोरच होती ना." आणि चादरीचं टोक माझ्याकडे दिलं. मी ते धरलं. घडी घातली. मग आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

हे तुला न लिहिता राहता आलं असतं. तुला कधी कळलंही नसतं. नाही म्हटलं तरी सकाळपासून दोन कागद फाडले. पण शब्द दिला होता. तो दिवस तुझा आहे. मी वहीत ११ डिसेंबरपुढे शाईने लिहिलं, 'ठकीने ताईकडे बघितलं.' आता विषय काढणार नाही.

धाकटी


१७ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी ते कपाटासमोर उभी राहून वाचलं आणि खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की चहात साखर घालायची विसरले आणि तसाच प्यायले. तुला वाईट वाटलं असेल हे मनात आलं, पण बरंच नंतर.

मग वाटलं, आपल्याही कानांनी एकदा ऐकावं. मशीन कानात घातलं, स्वयंपाकघरात गेले. ठकी बटाटे सोलत होती. तिच्यासमोर बसले आणि विचारलं, ठके, नाटकात कुणाकडे बघितलंस?

वर न बघता म्हणाली, "आईकडे."

मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "मागच्या दारात उभी होती ना ती, गणवेशात." मी तुझं पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं. ओल्या हातांनी वाचलं तिने, आणि हसायला लागली ती थांबेना.

"मावशी, ही माझी जुनी युक्ती आहे," म्हणाली. "तुमच्यातली जी समोर असेल तिला मी कायम दुसरीचं नाव सांगते. लहान असताना एकदा तुझ्यासमोर तुझं नाव घेतलं, तर तू ते लगेच आईला ऐकवलंस, आणि आई जाताना माझा पापा घ्यायला विसरली. आईसमोर आईचं घेतलं, तर तिने तुला ऐकवलं, आणि तू आठवडाभर माझ्या वेण्या करकचून घातल्यास. दुसरीचं नाव घेतलं की मात्र तुम्ही दोघी गप्प. ते कुणी कुणाला जाऊन सांगायचंच नाही. घर शांत."

मी म्हटलं, ते राहू दे, खरं कुणाकडे बघितलंस? म्हणाली, "आता काय आठवणार? समोर सगळा अंधार होता." आणि बटाट्याकडे वळली.

मी तेव्हापासून बसून आहे. तिने गंमत म्हणून सांगितलं, पण खरं आहे ते. ती रोज मला तुझं काहीतरी सांगायची आणि मी ते गिळायची. तुझ्यापर्यंत एकही शब्द पोचू दिला नाही. तूही तेच केलंस. तू या वेळी पहिल्यांदा गिळलं नाहीस, पोस्टात टाकलंस. मोठी मी, आणि हे आधी सुचलं तुला. त्याचाही मला हेवा वाटतोच आहे.

तर घे. वेणी घालायला बसवलं की म्हणायची, आई सैल घालते, दुखत नाही. गोष्ट सांगितली की म्हणायची, आईच्या गोष्टीतला कोल्हा वेगळा बोलतो. आणि रोज सकाळी दुधावरची साय वाटीत काढून ठेवायला लावायची. आईला आवडते, ती आली की देऊ. तू चार-चार, पाच-पाच दिवसांनी यायचीस. तोवर ती साय आंबायची. ठकी शाळेत गेली की मी ती फेकून द्यायची आणि वाटी घासून ठेवायची. तुला कधी बोलले नाही. पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी काढून ठेवायची.

आता तू लिही. तिने तुला माझ्याबद्दल काय काय सांगितलं, ते सगळं पाठव. एकही गाळू नकोस. मी वाट बघते आहे.

ताई